खुशालरावांचे डोळे

१

अमरावतीत मी दोन कामे करतो. सकाळी घरी मेलेल्या माणसांची चित्रे काढतो आणि अकरा ते पाच शाळेत मुलांना लोटा, शंकू आणि केळीचे पान काढायला शिकवतो. खरे सांगायचे तर मला पहिले काम जास्त आवडते. गिऱ्हाईक हलत नाही, जांभया देत नाही आणि माझे नाक एवढे मोठे नाही अशी तक्रार करत नाही.

काम करण्याची रीत सोपी आहे. घरचे लोक फोटो आणून देतात. मी त्यावर पेन्सिलीने बारीक चौकोन आखतो, तेवढेच चौकोन मोठ्या कापडावर आखतो आणि एकेक घर भरत जातो. वकिलांच्या घरचे फोटो ऐटबाज असतात, हातात पुस्तक, शेजारी फुलदाणी. शेतकरी मंडळींचे तसे नाही. जिवंतपणी फोटो काढून घ्यायला कुणाला सवड असते? माणूस गेला की मग धावाधाव होते. त्याला खुर्चीत बसवतात, फेटा बांधतात, मागून कोणीतरी मान धरून ठेवतो आणि फोटोवाला येऊन काम उरकतो. त्या फोटोत डोळे मिटलेले असतात. आणि घरच्यांचे एकच म्हणणे असते, मास्तर, डोळे उघडे पाहिजेत.

हा पेच मला पहिल्यांदा पडला तो अकोल्याच्या खुशालराव पाटलांच्या वेळी, चार वर्षांपूर्वी. न पाहिलेले डोळे काढायचे कसे? आठ दिवस मी डोक्याला हात लावून बसलो. मग खिडकीला टांगलेल्या दाढीच्या आरशात पाहिले आणि स्वतःचेच डोळे त्यांच्या चेहऱ्यात बसवून दिले. पापण्या जरा जाड केल्या, कोपऱ्यात सुरकुत्या घातल्या. एक गोष्ट मात्र गाळली. माझ्या उजव्या डोळ्याच्या पांढऱ्या भागात जन्मापासूनचा मोहरीएवढा तपकिरी ठिपका होता. तो काही मी पाटलांना दिला नाही.

तसबीर घेऊन मी स्वतः अकोल्याला गेलो होतो. पाटलांच्या विधवा पत्नी सुभद्राबाई बराच वेळ तिच्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अस्सेच पाह्यत ते माह्याकडे." मला हसू आले, पण मी ते गिळले. त्यानंतर मिटल्या डोळ्यांच्या जेवढ्या तसबिरी आल्या, तेवढ्या मी त्याच आरशातून उघडल्या. पाटलांची धरून अशा सव्वीस झाल्या.

माझी बायको तारा चेष्टा करायची. "अर्ध्या वऱ्हाडात तुम्हीच हार घालून बसले आहात," म्हणायची. वर लगेच चुलीपाशी जाऊन काहीतरी पुटपुटायची, कारण असे बोलणे अशुभ असते हे तिला बोलून झाल्यावर आठवायचे.

२

सन पस्तीसच्या दिवाळीच्या सुटीत मी स्वतःचे चित्र काढायला घेतले.

शाळेत वरच्या वर्गाला मी दर वर्षी एक जुने छापील चित्र दाखवतो. एका डच चित्रकाराने म्हातारपणी आरशात पाहून काढलेले स्वतःचेच चित्र आहे. नाक सुजलेले, गाल लोंबलेले, अंगावर धड कपडे नाहीत. पण डोळे असे की हा आता आपल्याला विचारेल, जेवलास का रे? मी मुलांना सांगतो, चित्रकार जगाशी खोटे बोलू शकतो, कारण जग पैसे देते. स्वतःचे चित्र काढताना कोणाला खूश करायचे नसते, म्हणून त्यात तो सापडतो. हे वाक्य मी बारा वर्षे सांगत आलो आणि स्वतः कधी करून पाहिले नाही, याची मला लाज वाटू लागली होती.

सागाची दोनेक हात उंच फळी तासून घेतली, तिच्यावर पांढरा रंग चढवला आणि आरशासमोर बसलो. चार दिवसांत चेहरा झाला. टोपी झाली, मिशा झाल्या, कानाची पाळीसुद्धा माझीच झाली. डोळे होईनात.

मापे बरोबर होती. मी दोरा लावून मोजली. बुबुळाचा रंग बरोबर, त्यातला प्रकाशाचा कण बरोबर. तरी फळीवरचा माणूस कुठेच पाहत नव्हता. खरवडले, पुन्हा काढले. सात वेळा खरवडले. सातव्या वेळी मी चित्राकडे पाहणे सोडून नुसता आरशात पाहत राहिलो. तेव्हा माझ्या ध्यानात आले की मी चुकत नव्हतो. आरशात जे होते तेच फळीवर उतरत होते.

आणि ठिपका नव्हता.

मी उजेडाकडे तोंड केले, पापणी बोटाने ओढून धरली. डोळ्याचा पांढरा भाग स्वच्छ होता. ताराला हाक मारली. ती पिठाच्या हातांनी आली.

"माझ्या डोळ्यातला ठिपका कुठे गेला?"

तिने पाहिले नाही. माझ्या खांद्याकडे बघत म्हणाली, "तो तर केव्हाचाच गेला. वर्ष झालं असेल."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला माहीत असेल असं वाटलं." ती जायला वळली आणि थांबली. "एक विचारू? रागावू नका. तुम्ही आजकाल माझ्याकडे पाहता ना, तेव्हा माझ्यामागे कोणीतरी उभं आहे आणि तुम्ही त्याला पाहून राहिले, असं वाटते."

मी रागावलो. रागावण्याशिवाय अशा बोलण्याला काय उत्तर असते?

३

आमची शालू सहा वर्षांची आहे. माझे काम चालू असले की पाटी घेऊन माझ्या पायाशी बसायची, गाढव काढायची आणि खाली माझे नाव लिहायची. गेल्या काही महिन्यांपासून ती येत नव्हती. शाळा, मैत्रिणी, मुले मोठी होतात, अशी मी माझी समजूत घातली होती.

त्या दिवशी मी तिला मुद्दाम बोलावले. ती दारातच उभी राहिली.

"ये ना. बस इथे."

"बाबा, तुम्ही माझ्याकडे काहून पाहत नाही?"

"पाहतोय की."

तिने माझ्याकडे नीट निरखून पाहिले. मग मान हलवली. "नाही," म्हणाली आणि गेली. जेवताना ती माझ्याकडे पाठ करून बसली. ताराने तिला दटावून वळवले तेव्हा तिने डाव्या हाताचा पंजा कपाळाशी धरला आणि पंजाआडून वरण-भात संपवला. आपले एकुलते एक मूल आपल्याला भिते, हे ज्याला ताटावर बसून पाहावे लागते त्यालाच त्याचे दुःख कळते. मला त्या रात्री भूक लागली नाही.

बुधवारा पेठेतल्या आमच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी अक्षरे वाचायला लावली, ती मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. मग भिंग घेऊन ते माझ्या डोळ्यात वाकून पाहू लागले. त्यांचा विनोद चालू होता, चित्रकारांना काही होत नाही, रोग डॉक्टरांनाच होतात, वगैरे. वाक्य अर्धे टाकून ते मागे सरले. भिंग धोतराच्या सोग्याने पुसले, पुन्हा पाहिले, पुन्हा पुसले.

"ठिपके कधी कधी विरून जातात," ते म्हणाले. "नजर उत्तम आहे." पण हे त्यांनी खिडकीबाहेर बघत सांगितले आणि फीसाठी हातही पुढे केला नाही.

४

दोनच दिवसांनी अकोल्याहून कार्ड आले. खुशालरावांचा मुलगा रामराव याने लिहवून घेतले होते. तसबिरीचे डोळे जरा मंद करून द्यावेत, येण्याजाण्याचा खर्च देऊ, लवकर यावे. कारण दिले नव्हते.

मंद करून! मी कार्ड चार वेळा वाचले. माझ्या फळीवर डोळे पेटत नव्हते आणि तिकडे ते जास्त झाले होते. मी विचार करणारा माणूस आहे, भुताखेतांवर माझा विश्वास नाही आणि आजही नाही. तरी मी रंगांच्या पेटीबरोबर ती अर्धवट फळी कापडात गुंडाळून घेतली. का घेतली हे मी स्वतःलाही सांगितले नाही. शालूने निघताना खिडकीतून मला हात केला नाही, एवढे मात्र मला आठवते.

बडनेऱ्याला गाडी बदलली. पॅसेंजर मूर्तिजापूरला उगाच अर्धा तास उभी राहिली. अकोल्याला पोचलो तेव्हा टळटळीत दुपार होती, हवेत कापसाचे तंतू उडत होते आणि सरकी काढणाऱ्या जिनांची धडधड पायांखाली जाणवत होती.

रामराव ओट्यावरच भेटला. तिशीचा, दणकट, मोठ्या आवाजाचा माणूस. पण बोलताना त्याने आवाज खाली आणला.

"मास्तर, मायचं काई खरं नाई. सकाऊन उठली का त्या खोलीत जाऊन बसते. जेवाले बलावलं तर म्हन्ते, मालक पाहून राहिले, मी उठू कशी? चार वर्सं मी म्हटलं, बसू दे, तिचा जीव रमते. पन आता वाळून काटकी झाली ते. मले त्या खोलीत जाचं भेव वाटते. खोटं नाई सांगत."

"भेव कशाचे? चित्र आहे ते."

"तुमी पाहा," तो म्हणाला. "मंग मले सांगा." आणि तो ओट्यावरच थांबला.

५

खोली आतल्या बाजूला होती. शेणाने सारवलेली, थंड, एका कोपऱ्यात कडब्याचा वास. वरच्या झरोक्यातून उजेडाचा एक पट्टा तसबिरीवर पडला होता. जिनाची धडधड तिथेही येत होती, पण भिंतीतून आल्यासारखी. सुभद्राबाई जमिनीवर बसल्या होत्या. माझी चाहूल लागताच त्यांनी मान वळवली. डोईवरचा पदर पुढे ओढला आणि बसल्या जागी मागे सरकत भिंतीला टेकल्या.

"मी अमरावतीचा मास्तर," मी म्हणालो. "तसबीर मीच केली होती."

"वयखलं मी." त्या माझ्या तोंडाकडे रोखून पाहत होत्या. "तुमचे डोये मी पाह्यले हायेत."

"हो, मागे आलो होतो ना."

"तवा नाई. पाटील गेले त्या दिवशी. खुर्चीत बसवाच्या आंधी, मी हातानं मिटवले, त्याच्या आंधी. असेच होते."

मी तसबिरीकडे वळलो.

सगळे मीच काढलेले होते, तो फेटा, ते जाडे ओठ, काहीसे घाईत उरकलेले हात. पण डोळे माझ्या हातून इतके चांगले कधीच उतरले नव्हते. ते माझ्याकडे पाहत होते. त्या नजरेत थोडी चेष्टा होती, बरीचशी माया होती. ही नजर मी कधी वापरत होतो ते मला लगेच आठवले. पाटीवरचे गाढव दाखवायला शालू मान वर करायची, तेव्हा.

डाव्या डोळ्यात, पांढऱ्या भागात, तपकिरी ठिपका होता.

माशी असेल म्हणून मी फुंकर मारली. घाण असेल म्हणून नख लावले. ठिपका वार्निशाच्या खाली होता, रंगाच्या आत. आरशात पाहून काढले की उजवे डावीकडे जाते, तेव्हा तो असायला हवा तिथेच होता. मीच चुकून काढला असेन, मी मनाशी म्हटले. चार वर्षांपूर्वीचे कोणाला आठवते? पण मला आठवत होते.

मग मी एक गोष्ट केली आणि ती करताना मला तिची लाज वाटली नाही. तसबीर मंद करायला मी आलो होतो. ते सोडून मी फळी गुडघ्यावर घेतली, पाट ओढून खाली बसलो आणि ते डोळे पाहून माझ्या चेहऱ्यात काढू लागलो. आरशाशिवाय.

घरी सात वेळा जे जमले नाही ते तिथे आपोआप येऊ लागले. हात माझा नसल्यासारखा चालत होता. पहिला डोळा झाला. दुसरा सुरू केला. झरोक्यातला पट्टा सरकत होता आणि मी रंग कालवत होतो, फळीकडे पाहत होतो, तसबिरीकडे कमी कमी पाहत होतो. पुढे पुढे तर पाहिलेच नाही. पाहायचे धैर्य नव्हते, हे खरे कारण.

"मास्तर," मागून सुभद्राबाई म्हणाल्या, "थांबा."

मी थांबलो नाही.

"थांबा हो. ते विझून राहिले. आता मले वयखत नाई ते. मास्तर, तुमाले लेकरू असंल, त्याची आन हाये..."

लेकरू होते म्हणूनच मी थांबलो नाही. सर्वात शेवटी मी बारीक कुंचल्याने ठिपका ठेवला. मागे सुभद्राबाई रडू लागल्या, आधी हळू आणि मग मोठ्याने, छाती पिटत. मी फळी कापडात गुंडाळली आणि तसबिरीकडे पाठ ठेवून भिंतीभिंतीने बाहेर आलो.

रामराव आत जाऊन आला. त्याच्या चेहऱ्यावर सुटका होती. "बेस केलं, मास्तर. आता निस्तं चित्र वाटते." आतून रडणे ऐकू येत होते. तो जरा गोंधळला. "नवलच हाये. बाबा गेले तवा ते रडली नोती. चार वर्सांत एक डाव रडली नाई."

त्याने देऊ केलेला खर्च मी घेतला नाही.

६

सकाळी घरी पोचलो. फळी माजघरात भिंतीला टेकवून ठेवली, कापड काढले आणि हातपाय धुवायला मागे गेलो. खरे तर पाणी तोंडावर घेत मी मनात हसत होतो. कित्येक महिन्यांनी मला आनंद झाला होता.

आतून शालूचा आवाज आला. "बाबा!"

मी तसाच ओल्या तोंडाने धावलो. शालू माजघरात उकिडवी बसली होती, पाटी छातीशी धरून. तिचे तोंड उजळले होते. ती बोलत होती, थांबायला तयार नव्हती. दिवाळीत कोणत्या मैत्रिणीचा किल्ला पडला, मांजरीला किती पिल्ले झाली, सगळे साठवलेले. मध्येच पाटी वर करून तिने गाढव दाखवले.

ती फळीशी बोलत होती.

"शालू," मी म्हणालो. "मी इथे आहे."

तिने वळून पाहिले. तिचे तोंड मिटले. पाटी तिथेच टाकून ती फळीच्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत शिरली आणि चित्राच्या मागून दोन्ही हातांनी त्याला धरून बसली.

मी दारात उभा राहिलो. तोंडावरचे पाणी वाळेपर्यंत उभा राहिलो. तेव्हा माझी चूक माझ्या ध्यानात आली. आयुष्यभर मला काहीही घ्यायचे झाले तर मी ते एकाच रीतीने घेत आलो, पाहायचे आणि रंगात उतरवायचे. दुसरी रीत मला ठाऊकच नाही. एका बाईचे हिरावून मी माझी नजर घरी आणली होती आणि फळीवर ठेवून दिली होती.

७

जिवंत माणसाची तसबीर भिंतीवर लावायची नाही, असे तारा आमच्या लग्नापासून सांगत आली आहे. पण या फळीसाठी तिने स्वतः खिळा ठोकला. स्वयंपाक करता करता ती कधी उठून माजघरात येते, चित्रापाशी क्षणभर थांबते, पदराने कपाळ पुसते आणि परत जाते. पूर्वी ती अशी माझ्यापाशी थांबायची.

दाढीचा आरसा मी भिंतीकडे तोंड करून टांगला आहे. दाढी न्हाव्याकडून करून घेतो. तोही वस्तरा लावण्याआधी म्हणतो, मास्तर, डोये मिटा. शाळेत मी फळ्याकडे तोंड करून शिकवतो. मुले फार शांत बसतात.

मिटल्या डोळ्यांचे फोटो अजून येतात. मी घेत नाही. एकदा वाटले, राहिलेल्या पंचवीस घरी जावे. पण तिथून आणून ठेवणार कुठे? पुन्हा फळीवरच.

घरात एक गोष्ट मला सापडली आहे. मी डोळे मिटून बसलो तर शालू घाबरत नाही. माजघरात चित्रासमोरच्या खुर्चीत मी ताठ बसतो, हात मांडीवर ठेवतो आणि डोळे मिटून घेतो. मग ती येते. तिच्या पायांचा आवाज, पाटीवरची पेन्सिल, तिची बडबड, सगळे मला जवळून ऐकू येते. दोन हातांवर असते ती. मला तेवढे पुरते, असे मी म्हणतो.

काल रविवार होता. झेंडूचा वास आला. शालूने स्वतः ओवलेला हार आणला होता. बाबांनी केलेल्या सगळ्या तसबिरींना हार असतो, मग बाबांच्याच तसबिरीला का नाही, असे तिने आईला विचारले. स्टूल सरकल्याचा आवाज झाला. तिने शालूला वर उचलून धरले असावे, कारण शालूचा आवाज उंचावरून आला.

"आई, ते खुर्चीतले काका कधी जातील?"

मग बांगड्या वाजल्या. तारा माझ्याजवळ आली होती. तिने माझी टोपी सरळ केली आणि माझी मान जरा कलली होती, ती मागून हाताने हळूच नीट बसवली.

"जातील," ती म्हणाली.

मी डोळे उघडले नाहीत.